मौखिक इंग्रजीतील आघात आणि सुरावट : पाठ्यपुस्तकी नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या पदवी स्तरावरील इंग्रजीच्या अभ्यासक्रमात ध्वनिविचाराचा एक घटक असतो. इंग्रजीचे 44 ध्वनी, उच्चारलेखनाची चिन्हे, शब्दातील आघात आणि सर्वांत शेवटी सुरावट हा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. सुरावटीपर्यंत पोहोचेतो सत्र संपत आलेले असते. मग उरलेल्या एक-दोन तासांत काही सूत्रे फळ्यावर लिहून दिली जातात : विधान असेल तर सूर खाली उतरतो, 'व्हॉट', 'व्हेन', 'व्हाय' यांनी सुरू होणाऱ्या प्रश्नातही तो खालीच उतरतो, ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे येते, त्या प्रश्नात तो वर चढतो. परीक्षेत छापील वाक्य दिलेले असते आणि त्यावर विद्यार्थ्याने बाण काढावयाचा असतो. या प्रश्नात पूर्ण गुण मिळविण्यासाठी तोंड उघडण्याची मुळीच आवश्यकता नसते.

प्रस्तुत लेखकाने ही सूत्रे अनेक वर्षे शिकविली आहेत आणि या बाणांना गुणही दिले आहेत. त्यामुळे पुढे जी चिकित्सा केली आहे तिच्यातून लेखकाने स्वतःस वगळलेले नाही. मुख्य म्हणणे एवढेच आहे की, आघात आणि सुरावट यांच्या बाबतीत कागदावर तपासता येण्याजोगे तेवढे आपण शिकवितो आणि ज्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थच बदलतो ते सोडून देतो. जे सोडून देतो ते मराठी विद्यार्थ्याला अपरिचित असते असेही नाही. तेच काम तो आपल्या भाषेत दुसऱ्या साधनांनी दिवसभर करीत असतो.

'ग्रेव्ही' या एका शब्दाचा प्रसंग

सुरावटीत नेमके काय पणाला लागते हे दाखविणारे एक उदाहरण समाजभाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. जॉन गंपर्झ यांनी आपल्या 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' (1982) या ग्रंथात ते दिले आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या तुसड्या आहेत, सहकार्य करीत नाहीत, अशी तक्रार त्यांच्या पर्यवेक्षकांची होती आणि जेवावयास येणाऱ्या मालवाहू विभागातील कामगारांचीही होती. वास्तविक या स्त्रियांचे ग्राहकांशी बोलणे अगदी मोजक्या शब्दांचे असे. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला त्यावर ग्रेव्ही हवी का, एवढे विचारावयाचे. ब्रिटिश कर्मचारी हा एकच शब्द सूर वर नेऊन उच्चारीत. या स्त्रिया तोच शब्द सूर खाली उतरवून उच्चारीत. ध्वनी बरोबर होते, शब्दही बरोबर होता. तथापि उतरत्या सुरातील 'ग्रेव्ही' ऐकणाऱ्याला 'ही ग्रेव्ही आहे' असे ऐकू येई. समोर दिसत असलेल्या वस्तूचे नाव कोणी आपल्याला उगाच सांगावे, हे त्याला उद्धटपणाचे वाटे.

संभाषणाचे ध्वनिमुद्रण करून त्या स्त्रियांना ऐकविले, तेव्हा प्रथम त्यांना दोन उच्चारांत काही फरकच जाणवला नाही. फरक उलगडून सांगितल्यावर मात्र आपल्याला आजवर मिळालेल्या वागणुकीचा थोडा उलगडा त्यांना झाला. पर्यवेक्षकांनाही कळले की, उतरता सूर ही या स्त्रियांची विचारण्याची स्वाभाविक पद्धत आहे. तीत उपेक्षा किंवा उद्धटपणा नाही. या प्रसंगाचा हा उत्तरार्ध आपल्याकडील उद्धृतांत बहुधा गाळला जातो.

आपल्या पंगतीची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. वाढपी 'जिलबी, जिलबी' किंवा 'मठ्ठा, मठ्ठा' असे म्हणत रांगेतून जातो. त्याचा सूर प्रश्नाचा नसतो. पदार्थाचे नाव उच्चारणे हेच तेथे विचारणे असते. ज्याला नको असेल तो पानावर हात आडवा धरतो. त्या वाढप्याला कोणी उर्मट म्हणत नाही. उपाहारगृहातील त्या स्त्रिया आपल्या परंपरेतील अशाच एखाद्या रीतीने बोलत असाव्यात, असे मानावयास जागा आहे.

गंपर्झ यांच्या विवेचनावर आक्षेपही घेतले गेले आहेत. राजेंद्र सिंह, जयंत लेले आणि गीता मार्तोहार्जोनो यांनी 1988 साली 'लँग्वेज इन सोसायटी' या नियतकालिकात या संपूर्ण अभ्यासपद्धतीची परखड तपासणी केली. यांपैकी लेले हे महाराष्ट्राच्या राजकारणाचे अभ्यासक म्हणून आपल्या वाचकांना परिचित आहेत. सत्तेतील विषमतेला 'गैरसमज' हे सौम्य नाव दिले की, जुळवून घेण्याचा सारा भार दुर्बळ पक्षावर पडतो, हा त्यांच्या टीकेचा रोख आहे आणि तो रास्त आहे. उतरत्या सुराच्या जागी चढता सूर आणल्याने वर्णद्वेष नाहीसा होत नाही. परंतु यावरून सुरावट क्षुल्लक ठरत नाही. आधीच कलुषित असलेल्या कानाला एवढेसे निमित्तही पुरते, हेच यातून दिसते. आपल्या विद्यार्थ्याला उद्या अशा कानांपुढे बोलावयाचे आहे. त्याला निदान काय घडते आहे ते कळले पाहिजे.

सूत्रांचा उगम आणि पडताळा

आपण देतो ती सूत्रे कोठून आली, हे पाहणे उद्बोधक आहे. हॅरल्ड पामर यांनी 1922 साली इंग्रजीच्या सुरावटीवर स्वाध्यायांसह पुस्तक लिहिले. 1926 साली लिलियस आर्मस्ट्राँग आणि आयडा वॉर्ड यांनी आपल्या पुस्तकात सर्व सुरावटी मुख्यतः दोन चालींत बसविल्या. ही पुस्तके परदेशी विद्यार्थ्यांसाठी होती आणि त्यांच्यापुढे लंडन व आसपासच्या सुशिक्षित वर्गाचे बोलणे होते. पुढे ओकॉनर आणि अर्नल्ड यांच्या 'इंटोनेशन ऑफ कलोक्विअल इंग्लिश' (1961, दुसरी आवृत्ती 1973) या पुस्तकाने चालींची संख्या वाढविली आणि प्रत्येक चालीला एकेक मनोवृत्ती जोडली. दुसऱ्या आवृत्तीत दहा चाली आहेत आणि त्यांना 'जॅकनाइफ', 'हाय डाइव्ह', 'स्विचबॅक' अशी चटकदार नावे आहेत. स्वाध्यायांच्या दृष्टीने हे पुस्तक अजूनही उत्तम आहे. मात्र कोणती चाल 'आत्मसंतुष्ट' आणि कोणती 'आव्हान देणारी' हे ठरविताना लेखकद्वयाने निवडलेली वाक्येच निम्मे काम करून टाकतात. वाक्य बदलले की तीच चाल निराळ्या मनोवृत्तीची वाटू लागते. हा दोष पुढील अभ्यासकांनी वारंवार दाखविला आहे.

मनोवृत्तींचे एवढे, तर वाक्यप्रकारांच्या सूत्रांचे काय? 'हो-नाही' प्रश्नात सूर चढतो, हे सूत्र चार्ल्स फ्राइज यांनी प्रसारित कार्यक्रमांतील प्रत्यक्ष प्रश्नांवर ताडून पाहिले. त्यांचा निबंध 1964 साली डॅनियल जोन्स यांच्या गौरवग्रंथात प्रसिद्ध झाला. अडीच हजारांहून अधिक प्रश्नांपैकी सुमारे 62 टक्के प्रश्नांत सूर उतरताच आढळला. हे कार्यक्रम प्रश्न विचारून काहीतरी ओळखून काढण्याचे होते, त्यामुळे या प्रश्नांची जातकुळी थोडी वेगळी होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही निम्म्याहून अधिक उदाहरणे ज्याच्या विरुद्ध जातात, त्याला नियम म्हणणे अवघड आहे.

विधानात सूर उतरतो, या सूत्राचीही तीच गत आहे. बेलफास्ट, ग्लासगो, लिव्हरपूल, न्यूकॅसल या शहरांच्या बोलींत साधे विधानही चढत्या सुरात केले जाते आणि ती तेथील घरगुती रीत आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व उत्तर अमेरिकेतील तरुणांच्या बोलण्यातील चढत्या सुराची विधाने तर 1980 नंतर वृत्तपत्रांतील कुरकुरीचाही विषय झाली. याचा अर्थ असा की, ग्लासगोचा रहिवासी आपल्या पदवी परीक्षेला बसला, तर स्वतःच्या मातृभाषेतील विधानावर त्याने चुकीचा बाण काढला असे आपण म्हणू.

समान अंतराच्या आघातांचा सिद्धांत

दुसरे सूत्र लयीसंबंधी आहे. इंग्रजीत दोन आघातांमधील कालावधी समान असतो, मध्ये कितीही अक्षरे येवोत. उलट भारतीय भाषांत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो, असे आपण शिकवितो. (अक्षर म्हणजे येथे लिपीतील चिन्ह नव्हे, एका स्वराभोवती एकत्र उच्चारला जाणारा ध्वनिसमूह.) आर्थर लॉइड जेम्स यांनी 1940 साली या दोन लयींना अनुक्रमे मोर्स तारायंत्राची आणि मशीनगनची उपमा दिली. केनेथ पाइक यांनी 1945 साली त्यांना पारिभाषिक नावे दिली आणि डेव्हिड अॅबरक्रॉम्बी यांनी 1967 साली जगातील प्रत्येक भाषा या दोहोंपैकी एका गटात पडते असे विधान केले. इंग्रजी, रशियन व अरबी एका बाजूला. फ्रेंच, योरुबा व आपली शेजारीण तेलुगू दुसऱ्या बाजूला.

पीटर रोच यांनी 1982 साली नेमक्या याच सहा भाषांची ध्वनिमुद्रणे मोजली. इंग्रजीतील आघातांमधील अंतरे तेलुगूपेक्षा अधिक समान आहेत असे काही त्यांना आढळले नाही. पुढच्याच वर्षी रेबेका डाउअर यांनी अन्य भाषांची मोजमापे घेऊन दाखविले की, आघातांमधील अंतरांच्या बाबतीत इंग्रजी आणि स्पॅनिश यांत फारसा भेद नाही. जो भेद कानाला जाणवतो त्याची कारणे निराळी आहेत : इंग्रजीत व्यंजनांच्या गर्दीमुळे अक्षरे लहानमोठी होतात आणि आघात नसलेल्या अक्षरातील स्वर क्षीण होतो.

ही गोष्ट प्रसिद्ध होऊन चाळीस वर्षे उलटली आहेत. तरी वर्गात अजूनही टाळ्यांच्या ठेक्यावर वाक्ये म्हणवून घेतली जातात. त्या खेळाला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. कंटाळलेल्या वर्गाला तो जागे करतो. परंतु ठेका धरून बोललेले वाक्य कवायतीच्या आज्ञेसारखे वाटते आणि एरवी कोणीही इंग्रज तसे बोलत नाही. शिवाय 'तुमची भाषा मशीनगनसारखी आहे' हे ज्या सिद्धांताच्या पोटात आहे, तो मराठी मुलांना शिकविताना निदान त्याची मोजमापे झाली आहेत, एवढे तरी सांगावयास हवे.

शब्दातील आघात आणि क्षीण स्वर

मग लयीचे खरे रहस्य कोठे आहे? ते क्षीण स्वरात आहे, आणि येथे मराठी विद्यार्थ्याची स्थिती आपण समजतो त्यापेक्षा चांगली आहे. इंग्रजीतील सर्वांत वारंवार येणारा क्षीण स्वर आपल्या 'अ'ला पुष्कळ जवळचा आहे. तो उच्चारणे अवघड नाही. तो कोठे उच्चारावयाचा हे रोमन लेखनावरून कळत नाही, ही अडचण आहे. देवनागरीत लिहून पाहिले की गुंता एकदम सुटतो. एकाच धातूपासून झालेले तीन शब्द घ्यावेत : 'फोटग्राफ', 'फटॉग्रफी', 'फोटग्रॅफिक'. पहिल्यात आघात पहिल्या अक्षरावर, दुसऱ्यात दुसऱ्यावर, तिसऱ्यात तिसऱ्यावर; आणि आघात सरकला की मागेपुढे राहिलेल्या स्वराचा 'अ' होतो. रोमन लेखनात ही हालचाल झाकलेली राहते. आपले वृत्तपत्रीय 'फोटोग्राफी' हे रूप त्या लेखनाचेच लिप्यंतर आहे, उच्चाराचे नव्हे.

प्रत्यय लागताच शब्दातील स्वर बदलावा, हे मराठी माणसाला नवे नाही. 'माणूस' पण 'माणसाला'. 'देऊळ' पण 'देवळात'. 'लाकूड' पण 'लाकडाचा'. या मराठी बदलाची कारणे इंग्रजीसारखी आघाताशी बांधलेली नाहीत, त्यामुळे साम्य फार ताणू नये. परंतु शब्दाचे अंग प्रत्ययानुसार आत आक्रसते ही जाण विद्यार्थ्याच्या जिभेवर आहे. तिचा उपयोग करून घेणारे पाठ्यपुस्तक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

त्याऐवजी पाठ्यपुस्तके नाम आणि क्रियापद यांच्या जोड्यांवर पाने खर्च करतात. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट' यांत नामाचा आघात पहिल्या अक्षरावर आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर. हे खरे आहे, परीक्षेला सोयीचेही आहे. मात्र अशा जोड्यांची संख्या मर्यादित आहे आणि वाक्यात नाम कोणते, क्रियापद कोणते हे व्याकरणावरूनच कळत असल्याने त्यांतील चुकीमुळे घोटाळा क्वचितच होतो.

'च', 'तर', 'ही' आणि इंग्रजी सुरावट

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मायकेल हॅलिडे यांनी 1967 साली इंग्रजी सुरावटीतील निवडी तीन प्रकारच्या मानल्या : बोलण्याचे खंड कोठे पाडावयाचे, प्रत्येक खंडात मुख्य आघात कोणत्या शब्दावर द्यावयाचा आणि त्या शब्दावर सूर कोणत्या दिशेने न्यावयाचा. आपला अभ्यासक्रम तिसऱ्या निवडीपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. पहिल्या दोहोंना तेथे बहुधा स्थान नसते. त्यांतील दुसरी, म्हणजे मुख्य आघाताची जागा, ही सर्वाधिक अर्थवाही आहे.

'आय टोल्ड हिम' हे तीन शब्दांचे वाक्य घ्यावे. मुख्य आघात 'टोल्ड'वर असेल तर केवळ घटना सांगितली जाते. तो 'आय'वर येऊन सूर खाली उतरला, तर मराठीत आपण म्हणू, 'मीच त्याला सांगितलं'. तो 'हिम'वर आला तर, 'मी त्यालाच सांगितलं'. आता 'आय'वरच सूर आधी उतरवून पुन्हा किंचित वर नेला, तर अर्थ होतो, 'मी तर त्याला सांगितलं होतं', म्हणजे इतरांचे मला माहीत नाही. डेव्हिड ब्राझिल यांनी 1985 च्या आपल्या ग्रंथात उतरत्या आणि उतरून चढणाऱ्या सुरांचा भेद असाच उलगडला आहे : पहिला नवे काही जाहीर करतो, दुसरा दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवितो. मराठीतील 'च' आणि 'तर' यांच्या जवळपास हे काम जाते. ही समीकरणे काटेकोर नाहीत. 'तर'चे अन्य उपयोग पुष्कळ आहेत. परंतु वर्गात चार बाण काढून जे समजत नाही, ते या दोन शब्दयोगी अव्ययांवरून पाच मिनिटांत समजते, असा अनुभव आहे.

नकाराच्या वाक्यात हा भेद अधिकच ठसठशीत होतो. 'शी डजन्ट टॉक टू एनीबडी' हे वाक्य 'एनीबडी'वर उतरत्या सुरात म्हटले तर 'ती कुणाशीच बोलत नाही'. सूर उतरून पुन्हा चढविला तर 'ती उठसूट कुणाशीही बोलत नाही'. पहिली एकलकोंडी, दुसरी चोखंदळ. इंग्रजीत शब्द तेच राहिले. मराठीत 'च'च्या जागी 'ही' आणि वर 'उठसूट' आणावे लागले.

दुसरी अडचण पुनरुक्त शब्दाची. 'डू यू वॉन्ट टी?' या प्रश्नाला आपला विद्यार्थी 'नो, आय डोन्ट ड्रिंक टी' असे उत्तर देतो आणि वाक्याच्या शेवटी असलेल्या 'टी'वर जोर देतो. इंग्रजी कानाला त्यातून 'चहा नाही घेत, दुसरे काही असेल तर पाहा' असा सूर ऐकू येऊ शकतो. इंग्रज 'ड्रिंक'वर आघात देऊन 'टी' हा आधीच येऊन गेलेला शब्द खालच्या सपाट सुरात सोडून देतो. मराठी माणूस मातृभाषेत काय करतो? 'नाही, मी घेत नाही,' असे म्हणून तो 'चहा' हा शब्दच बहुधा गाळतो. जे ठाऊक आहे ते मराठी वगळते, इंग्रजी दाबते. त्याचप्रमाणे 'हू ब्रोक द ग्लास?' याचे उत्तर देताना इंग्रज 'रमेश ब्रोक द ग्लास' यातील पहिल्या शब्दावर आघात देतो. मराठी शब्दक्रमच बदलते आणि 'काच रमेशनं फोडली' असे म्हणून महत्त्वाचा शब्द क्रियापदाला खेटून आणते.

या प्रकाशात भारतीय इंग्रजीतील एका बहुनिंदित लकबीकडे पाहावे. 'आय केम टुडे ओन्ली' असे वाक्य आपण लाल शाईने कापतो आणि 'ओन्ली'चे स्थान चुकले असा शेरा देतो. हे वाक्य म्हणजे 'मी आजच आलो' होय. 'टुडे'वर आघात देऊन जे साधावयाचे होते ते विद्यार्थ्याने 'च'चे इंग्रजी करून साधले आहे. शेवटी जोडलेला 'ऑल्सो' हाही असाच 'ही'चा अवतार आहे. राकेश भट्ट यांच्यासारख्या भाषावैज्ञानिकांनी या 'ओन्ली'ला भारतीय इंग्रजीचे नियमबद्ध लक्षण मानले आहे. त्याला दोष मानावयाचे की लक्षण, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : हा शब्द जेथे येतो तेथे मुख्य आघाताची गरज विद्यार्थ्याला नेमकी कळलेली असते. लाल शाई त्या जाणिवेवरच फिरते. 'ओन्ली' काढून टाका असे सांगण्यापूर्वी त्याच्या जागी आवाजाने काय करावयाचे ते आपण सांगत नाही. म्हणून विद्यार्थी शब्द काढतो आणि वाक्य सपाट होते.

मुख्य आघाताची जागा नियमांनी सांगता येते का, यावरही पुष्कळ वाद झाला आहे. ड्वाइट बॉलिंजर यांनी 1972 मधील आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्याचे मिश्किल उत्तर दिले : ती आधी सांगता येते, पण तुम्ही मनकवडे असलात तर. बाण काढण्याच्या प्रश्नातील मूळ दोष हाच आहे. सुटे छापील वाक्य समोर ठेवले की, ते कोण, कोणाला, कशाच्या उत्तरादाखल म्हणत आहे हे नाहीसे होते. आणि त्यावाचून आघाताची जागा ठरत नाही. प्रश्नपत्रिका काढणाराही मनकवडा नसतो. तो उत्तरसूची पाहतो.

कोणाच्या कानाला?

मराठी भाषकाच्या इंग्रजीकडे दोषांची यादी म्हणून न पाहता अभ्यासविषय म्हणून पाहण्याचा मान अशोक केळकर यांच्याकडे जातो; 'वर्ड' या नियतकालिकात 1957 सालीच त्यांनी 'मराठी इंग्लिश' या नावाने निबंध लिहिला. त्यानंतर हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील रा. कृ. बन्सल यांच्या 1969 च्या प्रबंधाने भारतीय इंग्रजी कितपत समजते, याची पाहणी केली. शब्दातील चुकीचा आघात हे न समजण्याचे एक मोठे कारण त्यांना आढळले. आपल्या पाठ्यपुस्तकांवर या पाहणीचा प्रभाव आहे आणि शब्दातील आघाताला त्यांत मिळालेले स्थान त्यामुळे सकारण आहे. मात्र या पाहणीत ब्रिटिश श्रोत्याच्या कानाला मध्यवर्ती स्थान होते. आज नागपूरचा अभियंता सोल किंवा साओ पाउलो येथील सहकाऱ्याशी इंग्रजीत बोलतो, तेव्हा दोघांपैकी कोणाचीही ती मातृभाषा नसते. जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली अशा संभाषणांचा अभ्यास करून परस्परांना समजण्यासाठी आवश्यक तेवढ्या घटकांची जी यादी केली, तीत बोलण्याचे खंड पाडणे आणि मुख्य आघाताची जागा यांना स्थान आहे. आघातांची समान लय, क्षीण रूपे आणि सुराची दिशा यांना तीत स्थान नाही. शब्दातील आघातही त्यांनी वगळला, तो निर्णय प्रस्तुत लेखकाला घाईचा वाटतो. त्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून भारतीय वक्त्यांविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. परंतु जे त्यांनी ठेवले नेमके तेच आपण गाळले आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ऐकणाऱ्याच्या बाजूचा आणखी एक पुरावा लूसी पिकरिंग आणि कॅरोलाइन विल्टशर यांनी 2000 साली पुढे आणला. अमेरिकी विद्यापीठांत शिकविणाऱ्या भारतीय साहाय्यक अध्यापकांच्या बोलण्यात आघात दाखविताना सूर बहुधा खाली जातो, अमेरिकी अध्यापकांप्रमाणे वर जात नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे भारतीय वक्ता आघात देतच नाही असे नसून, तो ज्या खुणेने देतो ती खूण समोरच्याला वाचता येत नाही. मौखिक परीक्षेत 'आघातांचा अभाव' असा शेरा लिहिताना आपला कान कोणत्या खुणेची वाट पाहत होता, हे परीक्षकाने स्वतःला विचारावयास हवे.

अशा एका परीक्षेचा प्रसंग येथे नोंदवितो. एका विद्यार्थिनीने लेखी भागात बाण काढण्याचा प्रश्न कोरा सोडला होता. तोंडी भागात तिला तिच्या गावाविषयी विचारले. गावाला बस येत नाही का, या प्रश्नावर तिने उत्तर दिले की, बस येते, पण फाट्यापर्यंतच येते. इंग्रजी अडखळते होते, काळाची चूकही होती. मात्र 'डझ कम' यातील 'डझ'वर तिने दिलेला आघात आणि त्यानंतरचा क्षणाचा विराम इतका अचूक होता की, पुढे 'पण' येणार हे शब्द येण्यापूर्वीच कळले. गुणपत्रकात उच्चार, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि आत्मविश्वास असे चार रकाने होते. तिने जे केले त्यासाठी पाचवा रकाना नव्हता आणि परीक्षक म्हणून लेखकाने तो हाताने आखलाही नाही. तिला उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले.

बदल करावयाचा तर तो फार खर्चिक नाही. सुट्या वाक्याऐवजी दोन ओळींचा संवाद द्यावा आणि दुसऱ्या ओळीतील कोणत्या शब्दावर जोर येईल, तो का येईल, हे विचारावे. त्या वाक्याचे मराठी करावयास सांगितले तर 'च', 'तर', 'ही' यांपैकी काय येते त्यावरून आकलन कागदावरही तपासता येते. सुराच्या दिशेसाठी एक ध्वनिमुद्रण आणि दोन पर्याय पुरेत. बोलण्याच्या गुणांत अपेक्षित शब्दावर भर आहे की नाही, एवढाच रकाना वाढवावा. लंडनचा सूर आहे की नाही हे त्यात पाहू नये.

यात एक अडचण मात्र उरते. वर सुचविलेला मार्ग मराठीच्या आधारे जातो, आणि आपल्या वर्गातील प्रत्येकाची मातृभाषा मराठी नसते. नंदुरबारच्या महाविद्यालयात ती पावरी किंवा भिली असेल, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, मालेगावात उर्दू. उर्दूत 'ही' आणि 'भी' आहेत, तेथे काम सोपे आहे. अन्य भाषांत भर देण्याची साधने कोणती, हे त्या भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनाच वर्गात विचारावे लागेल, आणि त्या तासाला अध्यापकाजवळ उत्तरसूची नसेल.